माझ्या खोलीत घड्याळ येत नाही

ठक् ठक् ठक्, घर्रर्र! दचकलात ना, मित्रांनो? सगळेच दचकतात. मी एक जुनं एमआरआय यंत्र आहे, आणि हा माझा गोड गळा!

कारखान्यात तारांची वेटोळी गुंडाळून मला घडवलं. इथं रुग्णालयात आलं तेव्हा दारातून मावेना, म्हणून चक्क भिंत फोडली. काय माझं कौतुक तेव्हा! पण माझ्या पोटात भलंमोठं चुंबक आहे, त्यामुळे किल्ल्या, पिना, घड्याळं सगळं दाराबाहेर. घड्याळाची टिकटिक मी कधी ऐकलीच नव्हती. बाहेर बाकड्यांच्या वर भिंतीवर टांगलेलं घड्याळ कित्येक वर्षं बंद. आळ माझ्यावर! अहो, माझी ओढ तिथवर पोचतसुद्धा नाही.

आणि दुसरी हुरहूर सांगू? बरं झालेलं माणूस माझ्याकडे कधी फिरकत नाही.

एके दिवशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एक बाई लेकीला घेऊन आल्या. थायरॉइडच्या दुखण्यानं त्यांचे डोळे बाहेर आले होते.

"स्क्रू एक, दिसतात दोन," त्या स्कॅन करणाऱ्या ताईंना म्हणाल्या. "चिमटा नेमका खोट्यालाच लागतो."

"आणि मला वाटतं, ही सारखी माझ्यावरच डोळे वटारतेय!" लेक म्हणाली.

"तुझ्यावर वटारायला आजार कशाला हवा गं?"

ताई खो खो हसल्या, आणि त्या हसण्याच्या नादात एक गोष्ट विसरल्या.

काय होतं, डोळ्यांमागच्या स्नायूंची सूज ताजी असेल तर औषधानं उतरते. जुनी होऊन स्नायू घट्ट झाले, की औषधाचा फारसा उपयोग नाही. बाईंचं दुकान चालणार की बंद पडणार, ते यावरच होतं. पण डोळ्यामागं चरबीची गादी असते. माझ्या चित्रात तीही पांढरी आणि ताजी सूजही पांढरी! म्हणून आधी चरबीचा उजेड दाबावा लागतो. ताईंनी तो दाबलाच नाही. साखरेत सांडलेलं मीठ शोधा आता!

मला सगळं कळत होतं. पण मला फक्त ठक् ठक् येतं. तेच जीव तोडून करत राहिलं.

बाई बाहेर जाऊन चपला घालत होत्या, तेवढ्यात ताईंनी पडद्यावर पाहिलं. "अगं बाई! चरबी तशीच राहिली की!" त्या धावत सुटल्या. "मावशी, पुन्हा झोपावं लागेल. चूक माझी आहे."

"पुन्हा त्या खडखडाटात? एकदा झालंय ना!"

"हेच फोटो गेले असते, तर डॉक्टरांना सूज जुनीच वाटली असती हो."

"आई, चल ना," लेक हळूच म्हणाली. "मी इथंच आहे."

बाई आल्या. श्वाससुद्धा बेतानं घेत पडून राहिल्या. चरबी काळी झाली, आणि तिच्यात ते सुजलेले स्नायू दिव्यांसारखे लख्ख उजळले. ताजी सूज! औषध लागू पडणार होतं!

मग त्या गेल्या. मी वाट पाहत राहिलं. दार उघडलं की वाटायचं, त्याच असतील. महिने गेले. माझं अंग पिवळं पडलं. नवं यंत्र यायचं ठरलं, आणि लोक मला 'ते म्हातारं' म्हणू लागले. पुढच्या आठवड्यात मला हलवणार आहेत.

काल दार अर्धवट उघडं होतं. बाहेरून आवाज आला, "स्टूल नीट धर गं."

"आई, पडशील हां!"

मग स्क्रू फिरवल्याची बारीक किरकिर. आणि मग... टिक. टिक. टिक.

बाईंच्या पिशवीत लोखंडी हत्यारं होती, म्हणून त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यापासून लांब उभ्या राहून त्यांनी मला पाहिलं आणि त्या हसल्या. "ताई, तुमचं यंत्र मला एकच दिसतंय बरं का!"

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या पोटात कधी झोपावं लागलं, तर अजिबात हलू नका. चूक झाली तर ताईंसारखं लगेच कबूल करा. आणि बरे झालात की एकदा नुसतं दारापर्यंत या. आम्हाला बोलता येत नाही हो, पण ऐकू सगळं येतं.