उज्ज्वल साळव्यांची पहिली पाहुणी

"भाऊ, फ्रिजचं दार लावा! लोणी वितळतंय!"

उज्ज्वलच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, दार लावलं आणि ओट्यावर पसरलेल्या मैद्याकडे वाकून पाहिलं. "शंकरपाळे करतोयस का?"

"क्रोसाँ."

"म्हणजे?"

"चंद्रकोरीसारखं असतं. फ्रान्समध्ये सकाळी खातात."

"ही चंद्रकोर नाही रे बाबा," भाऊसाहेब म्हणाले, "ही अमावास्या आहे."

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या अकराव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात सकाळी आठलाच घाम फुटत होता. मैद्याची घडी, तिच्यात लोण्याचा थर, पुन्हा घडी, असं पुस्तकात लिहिलं होतं. पण लोणी थरात राहायला तयार नव्हतं. ते ओट्याच्या कडेने ओघळून खाली चाललं होतं. उज्ज्वल साळवेने बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती, त्यातली नऊ चीफ इंजिनिअर म्हणून. तीन मजली उंचीची इंजिनं त्याने भर समुद्रात उघडून पुन्हा जोडली होती. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पाव किलो लोण्याने त्याला हरवलं होतं.

"सोड ते," मेधा, त्याची बायको, केस बांधत आत आली. "दहापर्यंत मी त्यांना विमानतळावरून घेऊन येते. आंघोळ कर आधी. मैदा भुवयांनाही लागलाय."

"त्यांना नाश्त्याला काय देऊ?"

"आपण जे खातो ते."

"मेधा, त्या चौतीस वर्षं गेस्टहाऊस चालवतात!"

"म्हणूनच," मेधा म्हणाली.

हे सगळं सुरू झालं ते मेधामुळेच. ती सिंगापूरच्याच बुओना व्हिस्टा भागातल्या एका संशोधन संस्थेत समुद्री शेवाळावर काम करायची. फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीत, समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. तिच्या व्हिसावर नवऱ्यालाही तिथे काम करता येणार होतं. राहायला घर शोधताना तिला एक जाहिरात दिसली. चार खोल्यांचं दगडी गेस्टहाऊस, मालकीणबाई आता थकल्या आहेत, तिथे राहून ते चालवणारं कुणीतरी हवं आहे. मेधाने गंमत म्हणून ती उज्ज्वलला दाखवली. तो हसला नाही. तासभर फोटो बघत बसला.

"काय बघतोयस एवढं?"

"मी चोवीस वर्षांचा होतो ना, ज्युनिअर इंजिनिअर, तेव्हा तिथल्याच, ब्रिटनीतल्या ब्रेस्टच्या बंदरात मला ताप भरला होता," तो म्हणाला. "जहाज मला उतरवून निघून गेलं. नऊ दिवस एका बाईच्या खानावळीत वरच्या खोलीत पडून होतो. ती रोज सूप आणायची आणि मी संपवेपर्यंत दारात उभी राहायची. तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी." मग म्हणाला, "मेधा, मी अख्खं जग फिरलो, पण कुणासाठी दार उघडायचं काम कधी केलं नाही. मी कायम खाली, इंजिनाजवळ."

मेधाला हे ठाऊक होतं. सासूबाई, शांताबाई, गेल्या तेव्हा उज्ज्वल हिंदी महासागराच्या मधोमध होता. किनारा लागायला चार दिवस गेले. त्यानंतर त्याने जहाज सोडलं, सिंगापूरला तुआसच्या जहाजांच्या एका यार्डात दुरुस्तीचं काम धरलं आणि नाशिकहून वडिलांना घेऊन आला. पण आता ब्रिटनीचं ते घर नाही मिळालं, तर त्याला इथेच नोकरीवर राहावं लागणार होतं आणि मेधाला एकटीने जावं लागणार होतं. ब्रिटनीतल्याच रेन शहरातलं एक जोडपंही घर मागत होतं, आणि त्या दोघांकडे हॉटेलच्या कामाचं रीतसर शिक्षण होतं.

"बावीस वर्षं मी दोन घड्याळांवर जगले," मेधाने एकदाच सांगितलं होतं. "एक इथलं, एक तुझ्या जहाजाचं. पुन्हा नाही जगणार. घर मिळालं तर दोघं जाऊ. नाहीतर मी प्रयोगशाळेला 'येत नाही' म्हणून कळवते."

त्या दिवसापासून उज्ज्वल दर शनिवारी फ्रेंचच्या क्लासला जाऊ लागला. घरी मोठ्याने सराव करायचा. त्यांची मुलगी एकता युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती खोलीतून सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत ओरडायची, "पप्पा, यू साउंड लाइक गार्गलिंग, लाह!"

आणि मग मालकीणबाईंचा, मादाम केर्वेलांचा मेल आला. त्या आपल्या लेकीकडे पर्थला कायमच्या राहायला निघाल्या होत्या. वाटेत एक दिवस सिंगापूरला थांबणार होत्या. खाली लिहिलं होतं : हॉटेल नको. जो माझं घर सांभाळणार, त्याच्या घरी मला राहून बघायचंय.

*

दहाला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. उज्ज्वलने पाठ केलेली सहा वाक्यं मनात ओळीने उभी केली. प्रवास कसा झाला, आमच्या घरी आपलं स्वागत आहे, बॅग माझ्याकडे द्या. त्याने लाकडी दार उघडलं, मग बाहेरचं लोखंडी गेट. समोर मेधाच्या मागे एक बुटकी, रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. अंगात लोकरीचा कोट, चेहरा उकाड्याने लालबुंद.

सहाच्या सहा वाक्यं पळून गेली.

"या, या," उज्ज्वल म्हणाला. "आत या. आधी तो कोट काढा बघू."

मराठी शब्द कळायचा प्रश्नच नव्हता, पण त्याने पुढे केलेला हात कळला. मादामने कोट काढून त्याच्या हातात दिला आणि त्या आत आल्या.

भाऊसाहेब खास इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सोफ्याजवळ उभे होते. त्यांनी हात जोडले. "जय भीम, मादामबाई."

"जय बीम," मादामने तसेच हात जोडले. एकताने हसू दाबायला उशी तोंडाशी धरली.

दिवस मजेत गेला. एकताची खोली मादामसाठी रिकामी केली होती. तिथे एसी लावून त्या दोन तास झोपल्या. उठल्यावर त्यांना बाजार बघायचा होता. उज्ज्वल त्यांना जवळच्या बाजारात घेऊन गेला. मासळीच्या गाळ्यावर मादामने एक पापलेट उचललं, त्याचा कल्ला उघडून बघितला आणि मान हलवली. गाळ्यावरची आंटी चिडली. "वेरी फ्रेश, लाह!" मादामने दुसरं उचललं, तेही ठेवलं. चौथ्यावर दोघींचं एकमत झालं आणि निघताना आंटीने कोथिंबिरीची एक जुडी फुकट पिशवीत टाकली.

"तुम्ही काय बघत होतात?" उज्ज्वलने इंग्रजीत विचारलं.

"मासा नाही," मादाम म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तुटक पण स्वच्छ होतं. "ती बाई बघत होते. चांगला मासा कुठे ठेवलाय, हे तिच्या नजरेवरून कळतं."

संध्याकाळी पापलेटचं कालवण, भात, ज्वारीची भाकरी असं जेवण झालं. मादाम घाम पुसत, नाक ओढत दोनदा कालवण घेऊन जेवल्या. जेवण होताच त्या उठून ताटं गोळा करू लागल्या. मेधाने त्यांना बसवलं. दोन मिनिटांनी त्या पुन्हा उठल्या. या वेळी भाऊसाहेबांनी बसवलं.

"बाईंना विचार," भाऊसाहेब म्हणाले, "तिकडे मी येऊन काय करू? मला तिथे बोलायला कोण मिळेल?"

उज्ज्वलने विचारलं. मादामने भाऊसाहेबांकडे नीट बघून उत्तर दिलं. उज्ज्वलला ते सांगताना हसू आवरेना. "भाऊ, त्या म्हणतात, त्यांच्या गावात सगळेच सत्तरीच्या पुढचे आहेत आणि निम्म्यांना ऐकू येत नाही. भाषेवाचून तिथे कुणाचं काही अडत नाही."

"मग ठीक आहे," भाऊसाहेब म्हणाले.

मादामने पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मी जाहिरातीत लिहिली नव्हती. घर तापवायचा बॉयलर. माझ्या नवऱ्याने बसवलेला. दोन महिने झाले, ठोके देतो. कुणीतरी आतून हातोडी मारतंय असं वाटतं. दोन मेकॅनिक बघून गेले. दोघंही म्हणाले, काढून टाका. रेनच्या जोडप्यानेही तेच सांगितलं."

उज्ज्वलची पाठ सरळ झाली. "ठोके कधी येतात? पेटल्यावर लगेच, की पाणी तापल्यावर?"

मादामना सांगता येईना. तिकडे दुपारचे दोन वाजले होते. त्यांनी फोन काढून शेजारच्या यानला व्हिडिओ कॉल लावला. पाच मिनिटांत पडद्यावर दगडी तळघर दिसू लागलं आणि कोपऱ्यात हिरव्या रंगाचा एक जाडजूड बॉयलर. यानने तो पेटवला.

उज्ज्वलने फोन टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून कान त्याच्याजवळ नेला. दुसऱ्या बाजूने भाऊसाहेब वाकले. नाशिकच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं त्यांनी फिटरच्या पोरांना शिकवलं होतं. बापलेकाची डोकी एकमेकांना टेकली. पंपाची घरघर ऐकू आली. मग ठक. मग ठक ठक.

"हवा," उज्ज्वल म्हणाला.

"हवा," त्याच क्षणी भाऊसाहेबही म्हणाले. "पाइपांत अडकलीय. पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे हा!"

मग तासभर तो फ्लॅट म्हणजे इंजिनरूम झाला. उज्ज्वल इंग्रजीत सांगायचा, मादाम ते फ्रेंचमध्ये यानला ओरडून सांगायच्या. पंप बंद कर. सगळ्यात वरच्या खोलीत जा. खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या टोकाला लहानसा नट असेल, त्याच्याखाली फडकं धर आणि अर्धाच फिरव. पडद्यावर जिना वरखाली हलत होता. यान धापा टाकत होता. मग सुस्स असा आवाज सुरू झाला. तो थांबेचना.

"बंद करू का म्हणतोय," मादाम घाबरून म्हणाल्या.

"नाही, नाही, जाऊ दे! दोन महिन्यांची हवा आहे. पाणी येईपर्यंत थांब म्हणावं."

शेवटी यानच्या फडक्यावर काळपट पाणी आलं. तो खाली गेला, प्रेशर बघून पाणी भरलं, पंप सुरू केला. सगळे फोनवर वाकले. एकताही आली. घरघर. फक्त घरघर. एक मिनिट गेलं, दोन गेली.

यानने पडद्यासमोर अंगठा दाखवला. भाऊसाहेबांनी टेबलावर थाप मारली. मेधा टाळ्या वाजवत होती. एकताने वडिलांच्या गळ्यात हात टाकला. "पप्पा, सो पावरफुल, सिया!"

"मादाम," उज्ज्वल म्हणाला, "तो काढू नका. त्याचं वय झालंय, त्याला आजार नाही."

मादामने फोन बंद केला. काळ्या झालेल्या पडद्यावरून एकदा अंगठा फिरवला.

*

सकाळी उज्ज्वलने शेवटचा प्रयत्न म्हणून उरलेले क्रोसाँ ओव्हनमध्ये टाकले. खालून करपले, आत कच्चे राहिले. त्याने ते तसेच टेबलावर आणले, शेजारी पोह्यांची थाळी ठेवली.

"क्रोसाँ केले होते," तो म्हणाला. "बिघडले."

मादामने एक तोडून तोंडात टाकला आणि प्रामाणिकपणे चावला. "हो," त्या म्हणाल्या, "बिघडलेत." मग पोह्यांची थाळी पुढे ओढली. दोन घास झाल्यावर त्या बोलू लागल्या.

"क्रोसाँ तू करायचे नाहीत. चौकात बेकरीवाला आहे, तो साडेसहाला दार उघडतो. तीन नंबरच्या खोलीची खिडकी आधी खाली दाबायची, मग बाहेर ढकलायची. गुरुवारी मासेवाली येते, तिची नजर बघायची, ती खोटं बोलते पण वाईट नाही. जर्मन पाहुणे लवकर उठतात. एकटी बाई आली तर तिला समुद्राकडची खोली द्यायची, तिने मागितली नाही तरी. तुझ्या वडिलांसाठी स्वयंपाकघराशेजारची खोली. तिथे पायऱ्या नाहीत आणि सकाळचं ऊन येतं."

"एक मिनिट, एक मिनिट," उज्ज्वल उठला, "वही आणतो. हे सगळं रेनवाल्यांनाही सांगितलंत का तुम्ही?"

मेधाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"काय?"

"अरे, बस," मेधा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "त्या तुला विचारत नाहीयेत. सांगतायत."

उज्ज्वलने मादामकडे पाहिलं. त्या पोहे खात होत्या. "लिंबू आहे का आणखी?" त्यांनी विचारलं.

लिंबू आणायला गेलेला उज्ज्वल स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून तसाच उभा राहिला. भाऊसाहेब मागून आले. त्यांनी लेकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, लिंबू चिरलं आणि बाहेर नेऊन दिलं.

*

दुपारी चांगी विमानतळावर सगळे सोडायला गेले. आत जाण्याआधी मादामने प्रत्येकाचे दोन्ही गाल चुंबले. भाऊसाहेब लाजून आधीच हात जोडून उभे होते, तरी त्यांची सुटका झाली नाही.

"लेकीने खोली तयार ठेवलीय," मादाम उज्ज्वलला म्हणाल्या. "ती म्हणते, आई, इथे तुला कसलंही काम करायचं नाही." त्या थोडं हसल्या. "चौतीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं."

मग कोट हातावर टाकून त्या वळल्या आणि बाकीच्या प्रवाशांत मिसळून गेल्या.

परत येताना एमआरटीच्या मेट्रोत भाऊसाहेब फ्रेंच आकडे म्हणत होते. उं, दं, त्र्वा. घरी पोचल्यावर एकता आपल्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली.

"पप्पा, कम सी."

खोलीत मादामनी पलंग आवरून ठेवला होता. चादर इतकी ताणून बसवलेली, की तिच्यावर एक सुरकुती नव्हती. पायथ्याशी दोन्ही कोपरे पाकिटासारखे तिरपे घडी घालून गादीखाली खोचलेले. उशी मध्यावर, टॉवेल चौकोनी. तिथे रात्री कुणी झोपलं होतं असं वाटतही नव्हतं.

"गेस्ट असून बेड केला, लाह," एकता चादर ओढायला पुढे झाली.

"थांब," उज्ज्वल म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला. एक कोपरा हलकेच सोडवला, आधी कुठली घडी, मग कुठली, ते नीट पाहिलं. मग तो स्वतः घालून बघितला. सैल पडला. पुन्हा सोडवला, पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी कोपरा मादामच्या कोपऱ्यासारखा बसला, तेव्हा त्याने त्यावरून तळहात फिरवला आणि दुसऱ्या बाजूला गेला.