इराचं लॉक

२०१६ साल होतं. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या फ्लॅटमध्ये सुनेत्राबाई दूध तापवत गॅसपुढे उभ्या होत्या. महिन्यापूर्वी गॅस चालू ठेवून त्या देवळात गेल्या होत्या. तेव्हा मुलगा अभय म्हणाला होता, "आई, असं आणखी एकदा झालं ना, तर…" पुढचं तो बोलला नव्हता. तेव्हापासून सुनेत्राबाई गॅसचं बटण दहादा चाचपायच्या.

फोन वाजला. शाळेतून नात इरा बोलत होती.

"आजी, लॉक राहिलं गं टेबलवर! घेऊन ये ना, प्लीज. प्रोजेक्ट बघायला जजेस येतायत. आईला सांगू नको हं, ओरडेल."

टेबलावर बाहेरच्या लोखंडी दाराचं कुलूप पडलं होतं. शाळेत कुलूप कशाला, असं त्यांच्या मनात आलं. पण पोरीनं विश्वासानं आपल्याला सांगितलंय, याचंच त्यांना अप्रूप. गॅस बंद करून दोनदा तपासला, कुलूप पर्समध्ये टाकलं आणि लोखंडी दार नुसतं लोटून त्या बस पकडायला धावल्या. मोबाइल घरीच राहिला.

शाळेच्या हॉलमध्ये इरानं कुलूप पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

"नॉट दिस वन लाह, आजी! कॅनलचं लॉक! माझ्या डेस्कवर होतं!"

तिनं पुठ्ठ्याचा कालवा केला होता. अमेरिकेत कारखाने नवे होते, आगगाडी यायची होती, तेव्हा पश्चिमेकडं माल असाच जायचा म्हणे. खेचर काठावरून बोट ओढणार आणि मग दोन दारांमध्ये पाणी भरून ती वर चढवायची, त्यालाच लॉक म्हणायचं. ती दारंच घरी राहिली होती.

"अगं, मग दारं म्हणायचंस की!" सुनेत्राबाई म्हणाल्या. जजेस शेजारच्या टेबलाशी पोचले होते. सुनेत्राबाईंनी पर्स पालथी केली. बसचं कार्ड आणि सिंगापुरात राहायचा हिरवा पास. "ही लाव दारं."

"आजी, तुझा पास?"

"लाव गं. चिकटव लवकर!"

बोट दारांतून वर चढली.

कार्ड तिथंच चिकटलेलं, जवळ सुटे पैसे नाहीत. सुनेत्राबाई चालत निघाल्या, दोनदा रस्ता चुकल्या. इमारतीखाली सून मधुवंती उभी होती, चेहरा पांढराफटक.

"आई, अहो दार उघडं, फोन घरात, तुम्ही नाही! पोलिसांना फोन करणार होते मी. कुलूप कुठंय?"

सुनेत्राबाईंनी पर्समधून कुलूप काढून दिलं. इराचं नाव घेतलं नाही.

रात्री अभयला हे कळलं. महिन्यापूर्वीचं ते 'तर…' त्यानं कधी पुरं केलं नाही. जूनमध्ये पास संपला तेव्हा तो वाढवला नाही, आईचं पुण्याचं तिकीट काढलं.

अभय आणि मधुवंती आता तिथले नागरिक आहेत, पुंगोल या नव्या भागात असतात. आकडे दाबले की त्यांचं दार उघडतं. इराला त्या दिवशी बक्षीस मिळालं नाही. ती आता हॉटेल मॅनेजमेंट शिकते. कालव्याचं तिला फारसं आठवत नाही.

पण निघायच्या दिवशी विमानतळावर तिनं आजीच्या पिशवीत काहीतरी टाकलं होतं. "आजी, लॉक राहिलं होतं तुझं."

लोखंडी दाराचं ते कुलूप आज पुण्यात सुनेत्राबाईंच्या उशाशी असतं. दाबलं की ते बंद होईल, आणि किल्ली तर तिकडंच राहिली. म्हणून पुसताना त्या जपतात. ते उघडंच ठेवतात.