बुनी आजीचा हसरा फोटो

"आजी, तो मुकादम पडला ते पुन्हा सांगा ना."

बुनी आजीनं पुन्हा सांगितलं. कालवं सोलायच्या शेडमध्ये मुकादम नवे बूट घालून ऐटीत आला, घसरून टरफलांच्या ढिगात बसला, आणि उठला तेव्हा त्याची विजार नको तिथं फाटली होती. सांगताना आजी स्वतःच खिदळत होती, बोळकं तोंड हातानं झाकत होती. मिराननं कॅमेरा डोळ्याला लावला. आजीचा हात मांडीवर आला, खांदे पडले, ओठ खाली ओढले गेले आणि नजर भिंतीपलीकडे कुठंतरी निघून गेली.

मिराननं कॅमेरा खाली घेतला.

"आई, हस की. आत्ता तर चांगली हसत होतीस," दारातून जोमसुन म्हणाली.

"हसतेच आहे की मी," आजी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

फोन आजीनंच केला होता. "माझ्या मयताला ठेवायला एक फोटो काढून दे, पोरी. हसरा काढ. लोक त्याच्यासमोर बसून जेवणार, त्यांना घास गोड लागला पाहिजे." मिरान सोलहून पहाटेच्या बसनं आजीच्या गावी, तोंगयोंगला आली होती. जोमसुननं आईला फिकट हिरवा रेशमी पोशाख घातला होता, केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला होता.

मिरान या घरी पहिल्यांदा आली तेव्हा ऐन तिशीत होती. सोळाव्या वर्षी जपानी सैनिकांनी उचलून नेलेली, युद्ध संपेपर्यंत त्यांच्या छावणीत डांबलेली बुनी, पन्नास वर्षं गप्प राहून तेव्हा नुकती बोलायला लागली होती. पोटी मूल होणं शक्य नव्हतं. जोमसुन तिनं पदरात घेतलेली. तिलाही तोवर काही ठाऊक नव्हतं. मिरान समोर बसून हळूच विचारत राहिली, "मग? मग काय झालं, आजी?" तिसऱ्या की चौथ्या 'मग'ला आजीच्या चेहऱ्याचा बांध फुटला आणि मिराननं बटण दाबलं.

तो फोटो जगभर गेला. पाठोपाठ मिरानही गेली. चीनमधल्या शान्शीच्या खेड्यांत, मनिलाच्या वस्त्यांत, व्हिएतनाममध्ये, जिथं तिच्याच देशाच्या सैनिकांनी बायकांची दशा केली होती तिथंही. प्रदर्शनांत लोक रडायचे, वहीत चार शब्द लिहायचे आणि घरी जायचे. खटले हरले, माफी आली नाही. फोटोंतल्या बायका मात्र एकेक करून गेल्या. आजीच्या दारी कॅमेरे येतच राहिले, आणि प्रत्येकाला तोच चेहरा हवा असायचा.

मिराननं आता दुसरी युक्ती केली. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, बटणाची वायर मुठीत घेतली आणि आजीशेजारी बसून पर्सिमनची फळं सोलायला लागली. गप्पा रंगल्या. शेजारणीच्या तिसऱ्या जावयावरून आजीनं असा काही शेरा मारला की जोमसुन लाजून आत पळाली. मिराननं न बघता मूठ दाबली.

पडद्यावर पाहिलं. तोच चेहरा. ओठांवर जावई आणि डोळ्यांत छावणी.

"बघू," आजी म्हणाली. चष्मा पुसून तिनं बराच वेळ पाहिलं. "हीच होय?"

"आजी, चुकलं माझं. मीच तुम्हाला..."

"तुझं एकटीचं कसलं? बिचारे एवढ्या लांबून यायचे, रिकाम्या हातानं कसं धाडायचं? म्हणून द्यायची मी." तिनं कॅमेरा परत केला. "ही बाई एरवी घरात नसते गं. तुम्ही लोक आलात की येते. आणि आता तिला माझं ऐकूच येत नाही."

मिराननं कॅमेरा बंद केला. मग आजीच म्हणाली, "राहू दे. ओळखपत्रावरचा लावा. त्यात निदान रागावलेली तरी दिसते. जोमसुन, भात वाढ तिला. उपाशी आलीय."

थंडी सरता सरता आजी गेली.

इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनात मिरान पोचली तेव्हा जोमसुन काळ्या कपड्यांत आल्यागेल्याला वाकून नमस्कार करत होती. ओळखपत्रावरून वाढवलेला पुसट फोटो चौथऱ्याच्या कडेला सरकवलेला होता. मधोमध, पांढऱ्या शेवंतीच्या चौकटीत, माणसाएवढा उंच, मिराननं काढलेला तो फोटो उभा होता.

"खटले लढवणाऱ्या समितीनं आणला," जोमसुन म्हणाली. "आईला नको होता म्हटलं मी. ऐकत नाहीत."

मिरान समितीच्या तरुण कार्यकर्त्याकडे गेली. "तो फोटो काढा. माझा आहे तो."

"ठाऊक आहे ना, बाई. तो बघूनच तर मी या कामात आलो." तो मनापासून बोलत होता. "पण मंत्री येताहेत, वाहिन्यांची माणसं आहेत. लोक आजींना याच चेहऱ्यानं ओळखतात. दुसरा ठेवला तर विचारतील, कोण या?"

मिरान चौथऱ्यापाशी गेली आणि फोटोला पाठ लावून उभी राहिली. समोर कॅमेऱ्यांची रांग होती.

"मावशी, जरा बाजूला होता का?" एकजण म्हणाला. आवाजात अदब होती. "आजी झाकल्या जाताहेत."

ती हलली नाही. दुसरा म्हणाला, "मावशी, दोनच मिनिटं." मग कार्यकर्त्यानं हळूच तिचं कोपर धरलं. पन्नाशी उलटलेलं तिचं शरीर प्रवासानं दमलेलं होतं. ते बाजूला झालं. मंत्री आले, वाकले. खटाखट फोटो निघाले.

जोमसुननं तिला हाताला धरून जेवणाच्या खोलीत नेलं, कोपऱ्यातल्या बैठ्या मेजापाशी बसवलं आणि मटणाच्या लाल रश्शाचा वाडगा पुढ्यात ठेवला.

"जेव."

"मला नाही जाणार, ताई."

"जाईल. थोडा थोडा घे."

मिराननं चमचा उचलला. जोमसुन शेजारीच बसली आणि मुळ्याच्या आंबवलेल्या किमचीच्या मोठ्या फोडी कात्रीनं बारीक कापून तिच्या भातावर एकेक ठेवू लागली.