घरगाडीसाठी वावर पाहणे

श्रावण कधी कोणाचा हेवा करीत नसे. तसा प्रसंगच आला नव्हता. अठरा वर्षांपूर्वी वाटणीच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तीन एकर काळी जमीन त्याला निघाली आणि धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, तीन एकर बरड त्याचा चुलतभाऊ ज्ञानेश्वर याला. तेव्हापासून श्रावण ज्ञानेश्वरशी फार प्रेमाने वागत आला. ज्याच्या वावरात पिकाआधी गोटे वर येतात, त्याच्याशी माणसाने प्रेमानेच वागावं. दर हिवाळ्यात तो त्याच्याकडे थैलीभर वांगी पाठवी, आणि ती थैली अख्ख्या गावाला दिसेल अशा रस्त्याने जाई.

यंदा दिवाळीनंतर नागपूरच्या एका भटकंती क्लबला शनिवार-रविवार मुक्कामासाठी जागा हवी झाली. महामार्गावरच्या जाम गावाच्या चौकापासून हे गाव जवळ, शहरापासून गाडीने दीड तास. क्लबवाले तंबू आणणार होते, बायकापोरं आणणार होते, आणि काही जण घरगाड्या आणणार होते. घरगाडी म्हणजे आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली मोटार. क्लबच्या प्रमुख हर्षा मॅडम येत्या रविवारी दोन्ही भावांची वावरं पाहून एक पसंत करणार होत्या.

"संडास घेऊन फिरतेत?" पारावर बसलेल्या डोमाजींनी विचारलं. "मंग घरीच काऊन नाई राह्यत?"

श्रावण निश्चिंत होता. काळी आणि बरड यांत निवडायचं काय असतं? पण शुक्रवारी ज्ञानेश्वर दाढी करून जाताना दिसला. ज्ञानेश्वर दाढी पोळ्याला आणि मतदानाला करी. नागपूरची माणसं आपलं वावर सोडून त्या गोट्यांत झोपली तर गावात तोंड कोणत्या दिशेला करायचं?

तो कामाला लागला. वावर पाहणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. आमच्याकडे मुलगी देण्याआधी सोयरे मुलाकडे ओझरतं पाहतात आणि थेट वावरात उतरतात. तिथे ढेकूळ उचलायचं आणि बोटांत दाबायचं. अलगद फुटलं तर सोयरीक जमली. म्हणून स्थळ यायच्या आधी वावर नांगरून ओलवून ठेवतात. श्रावणच्या बायकोच्या, मंजुषाच्या, वडिलांनी याच वावरातलं ढेकूळ फोडलं होतं आणि त्या आनंदात जावयाचं शिक्षण विचारायचं विसरले होते.

श्रावणने वांग्यांशेजारची, कांद्यासाठी राखलेली एकरभर जागा नांगरली आणि शनिवारी दिवसभर मोटर चालवून भिजवली.

"अजी," मंजुषा म्हणाली, "ते लोकं गाडी घेऊन येऊन राह्यले का पोरगी घेऊन?"

"पाह्यनारा तो पाह्यनाराच असते. माती पाह्यल्याबिगर कोनी हो म्हनत नाई."

"त्यायले झोपाचं हाये, पेराचं नाई."

"तुले नाई समजत."

रविवारी हर्षा मॅडम स्वतः घरगाडी चालवत आल्या. श्रावणने चहा दिला आणि कपबशी खाली ठेवायच्या आत त्यांच्या तळहातावर ढेकूळ ठेवलं.

"फोडून पाहा, मॅडम."

मॅडमनी फोडलं. लोण्यासारखं फुटलं. श्रावणला वाटलं, जमलं. मॅडमनी कागदी रुमालाने पाचही बोटं एकेक करून पुसली आणि विचारलं, "गाडी आत लावून बघू का?"

"लावा ना! तुमचंच वावर हाये."

घरगाडी पंधरा फूट आत गेली. सोळाव्या फुटाला ती खाली गेली. मॅडमनी रेस दिली तशी मागची दोन्ही चाकं आपापला खड्डा खणू लागली. श्रावण, मंजुषा आणि डोमाजी यांनी मागून जोर लावला. डोमाजींनी लावला नाही, सल्ला दिला. काळी माती एकदा धरली की सोडत नाही, हे तिच्याबद्दल श्रावण अठरा वर्षं अभिमानाने सांगत आला होता.

ज्ञानेश्वर आपल्या बांधावर बसून होता. त्याने काहीच तयारी केली नव्हती, कारण बरडाची काय तयारी करणार? तो उठला, ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली आणि घरगाडी ओढत धुऱ्यावरून आपल्या वावरात नेऊन उभी केली.

"भाऊ, लय कसदार हाये गा तुही माती," तो म्हणाला. टोमणा असता तर श्रावणने सहन केला असता. ज्ञानेश्वर ते मनापासून बोलला होता.

मॅडम खाली उतरल्या. त्यांनी बरडावर पाय आपटला, पुन्हा आपटला. "वा! चाक रुतत नाही, चिखल नाही, पाणी साचणार नाही. हीच जागा!"

पुढचे चार शनिवार श्रावणने वांगी तोडता तोडता ते सगळं पाहिलं. निळे, केशरी तंबू. शहाबादी फरशीवर चालावं तशा बरडावर फिरणाऱ्या घरगाड्या. खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबं, आणि त्यांच्यात टोपी घालून हिंडणारा ज्ञानेश्वर. टोपी त्याला क्लबने दिली होती. ती त्याला मोठी होत होती, एवढंच समाधान.

"तिकडं पाहू पाहू कवळी वांगी तोडून राह्यले तुमी," मंजुषा म्हणाली.

पाचव्या आठवड्यात श्रावण डोमाजींना साक्षीला घेऊन ज्ञानेश्वरच्या दारात गेला.

"ज्ञाना, तवा चिठ्ठ्या घाईत टाकल्या आपन. मले वाटते, होळीपावतर वावरं बदलून पाहू. तुले बी काळीचं सुख भेटलं पाह्यजे."

"उभ्या वांग्यायसकट?"

"वांग्यायसकट."

ज्ञानेश्वरने टोपी काढून श्रावणच्या डोक्यावर ठेवली. अठरा वर्षं दुसऱ्याची वांगी खाल्लेला माणूस विचार करायला वेळ मागत नाही. श्रावणला टोपी बरोबर बसली. हर्षा मॅडमची हरकत नव्हती. त्यांना जागा तीच हवी होती, खाली कोणाचं नाव आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मंजुषा दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तो याला शांतता समजला.

शनिवारी नऊ तंबू आणि चार घरगाड्या आल्या. श्रावण टोपी घालून मध्यभागी उभा राहिला. मग उजवीकडे उभा राहिला. कोणाला काही नको होतं. पाणी त्यांच्या गाडीत होतं, दिवे होते, संडास होताच. दुपारी चारला एक गृहस्थ त्याच्याकडे आले.

"काका, इथे ताजी वांगी मिळतात म्हणे?"

श्रावणने नाइलाजाने धुऱ्यापलीकडे बोट दाखवलं. गृहस्थ गेले. मग त्यांची बायको गेली. मग शेजारचे तंबू गेले. ज्ञानेश्वर त्यांना स्वतःच्या हाताने वांगी तोडू देत होता. लहान मुलांच्या हातावर ढेकळं ठेवत होता, ती फोडून दाखवत होता, आणि मुलं किंचाळत होती. सगळे त्याच्यासोबत फोटो काढत होते. बरडावर उघड्यावर श्रावण, चार घरगाड्या आणि एक झोपलेले आजोबा उरले.

मंजुषा चहा घेऊन आली.

"त्याची वांगी लय चकाकून राह्यली," श्रावण म्हणाला.

"तुमीच लावली हायेत ती."

"तेच तर. आपल्याकडं असतानी नव्हती अशी."

"अजी, होळीले दीड महिना हाये," मंजुषा म्हणाली आणि कपात चहा ओतला.

तेवढ्यात हर्षा मॅडम आपल्या घरगाडीतून उतरून वांग्यांसाठी पिशवी घेऊन निघाल्या. श्रावणच्या तोंडून आपोआप निघालं, "मॅडम, तिकून नका जाऊ. धुऱ्यावर साप हाये. मोठा."

"साप?" मॅडम थांबल्या. "खरंच? कोणता?"

"नाग," श्रावण म्हणाला. आता मागे हटण्यात अर्थ नव्हता.

मॅडमनी शिट्टी वाजवली. घरगाड्यांतून दुर्बिणी निघाल्या, लांब नळ्यांचे कॅमेरे निघाले. वांगी न खाणारेही निघाले. झोपलेल्या आजोबांना उठवून, हात धरून नेण्यात आलं. पाच मिनिटांत अख्खा क्लब धुरा ओलांडून ज्ञानेश्वरच्या वावरात वाकून काहीतरी शोधत होता.

"भाऊ!" ज्ञानेश्वर तिकडून ओरडला. "साप कोठी पाह्यला गा? हे लोकं मले पुसून राह्यले!"

श्रावणने टोपी नीट केली आणि तो निघाला. तिकडे जाऊन जागा दाखवणं आता भागच होतं.