उजवा खालचा कोपरा

“काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय?” टीमची प्रमुख शिवप्रिया हिनं पुण्याहून कॉलवर विचारलं, आणि इकडे तुळजापुरात अनिरुद्ध खुर्चीवरून उठून उभा राहिला. कंपनीची रोजची बैठक उभ्यानंच करायची, म्हणजे कुणी पाल्हाळ लावत नाही, असा नियम होता. घरून काम करताना कोण बघतंय? तरी तो उभा राहायचा. मास्तरांचा मुलगा होता.

ते मास्तर, म्हणजे मार्तंड गुरुजी, बाजूच्या पलंगावर पडून सगळं ऐकत. जन्मभर मराठी शिकवलेल्या या माणसाची नजर काचबिंदूनं कडेकडून खात आणली होती. अनिरुद्धची कंपनी वाचनालयांसाठी ॲप बनवत होती. त्यात पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची सोय येणार, हे कळल्यापासून गुरुजींनी त्याचा पिच्छा पुरवला होता.

“डोळे हायेत तोवर शिकव रे. एकदा बटन कुठंय ते हाताला कळलं, की मग अंधार पडला तरी चालतंय.”

पण ती सोय दर पंधरवड्याला मागं पडे. पंधरवड्याच्या कामाला तिकडे स्प्रिंट म्हणतात. नाव धावण्याचं आणि गत बैलगाडीची. कधी जुनंच काही बिघडे, कधी गिऱ्हाइकाला नवंच काही सुचे. आधी चालू करू, मग सुधारू, हे शिवप्रियाचं पालुपद. अनिरुद्धलाही ते पटायचं. सगळं पुरं व्हायची वाट बघत बसलं तर काहीच बाहेर पडत नाही, हे त्यानं दोन कंपन्या बुडताना पाहिलं होतं.

शेवटी चाचणीपुरती सोय तयार झाली, तेव्हा त्यानं ती गुपचूप वडिलांच्या फोनवर घातली. बटण उजव्या खालच्या कोपऱ्यात होतं. गुरुजींनी तो कोपरा पाढ्यासारखा घोकला. दिवाळीनंतर त्यांना समोरची खिडकीही दिसेनाशी झाली, पण अंगठा चुकला नाही. दुपारभर फोन वाचायचा आणि जोडाक्षर अडखळलं की गुरुजी फोनला दटावायचे. घरात पुन्हा शाळा भरल्यासारखं वाटायचं.

“एकच बदल आहे,” शिवप्रिया सांगत होती. “त्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाला वर्गणीचं बटण हवंय. वाचून दाखवायचं आपण मेनूच्या आत सरकवू. काढत नाही आहोत, पुढच्या स्प्रिंटला परत बाहेर आणू. सोमवारची तारीख हुकली तर काम जाईल, आणि आपली टीमही. अनिरुद्ध, तुमचं दोन तासांचं काम आहे. करताय ना?”

तिचं काही चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. ती सोय किती जण वापरतात, असं तिनं विचारलं असतं तर त्याच्यापाशी एकच माणूस होता.

“करतो,” तो म्हणाला.

बैठक संपल्यावर तो पलंगाशी आला. “अण्णा, तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं की. पोटाचा धंदा हाय तो, त्याला इलाज न्हाय. मी शिकतो परत.”

सोमवारी जुनी आवृत्ती सगळीकडेच बंद झाली. अनिरुद्धनं वडिलांचं बोट धरून नवी वाट दाखवली: वर डावीकडं, मग तिसरी ओळ, मग तिच्या आत. काचेवर ओळ हाताला लागत नाही. कधी दुसरीच ओळ उघडे, कधी फोन बंद पडे. आठवडाभरानं गुरुजी म्हणाले, “ऱ्हाऊ दे. लई झालं वाचून.” अनिरुद्धला स्वतःची शिसारी आली.

पुढचा स्प्रिंट आला, त्याच्या पुढचाही आला. बटण बाहेर आणायचं काम टीमच्या कामांच्या बोर्डावर तळाशी होतं. वर दुसरी महत्त्वाची कामं येत गेली. त्यातली काही अनिरुद्धनंच वर नेली.

आज सकाळी तो नेहमीसारखा उभा होता. काल काय केलं ते सांगितलं, आज काय करणार ते सांगितलं.

“अडथळा?” शिवप्रियानं विचारलं.

पलंगावर गुरुजींनी फोन छातीवर धरला होता. अंगठा उजव्या खालच्या कोपऱ्यावर जाऊन दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता. बैठक चालू आहे म्हणून ते काही बोलत नव्हते.

“काही नाही,” अनिरुद्ध म्हणाला.