झग्याची मधली चीर

मे महिना आला की पोर्तुगालातल्या आमच्या कोइम्ब्रात जुन्या विद्यार्थ्यांचा उरूस भरतो. पोट सुटलेले वकील, टक्कल पडलेले डॉक्टर, सगळे आपापले जुने काळे झगे खांद्यावर टाकून विद्यापीठाची चढण चढतात आणि अर्ध्यातच धापा टाकतात. वर पोचले की डोळे पुसतात. मला ह्या लोकांचा मनस्वी तिटकारा आहे. त्यांचेच झगे रफू करून मी पोट भरते, तरीही आहे.

इथला रिवाज असा, की शिक्षण संपलं की झगा टरकावून घ्यायचा. डावीकडे घरच्यांनी, उजवीकडे मित्रांनी, आणि पाठीवर मधोमध प्रेयसीने, दातांनी. प्रेम मोडलं तर मधली चीर शिवून टाकायची.

माझ्या देओलिंदाताईने तीस वर्षांपूर्वी अशी एक चीर पाडली, आबिलियो सार्मेंतोच्या झग्याला. तो लिस्बनला गेला, बडा वकील झाला, लग्नही केलं. दर मे महिन्यात गावात येतो, पण आमच्या गल्लीकडे कधी फिरकला नाही. ताईचं आपलं एकच, "शिवली नाही ना त्यानं अजून? मग झालं तर!" त्रेपन्न वर्षांची बाई! दोन चांगली स्थळं तिने ह्या चिंधीपायी घालवली. मी तिला तोंडावर खुळी म्हणते.

यंदा सार्मेंतो स्वतःच दुकानात आला. मी ओळखलं. मागे काजं करत बसलेल्या ताईनेही ओळखलं.

"बाई, ही मधली चीर तेवढी शिवून द्या. दुपारी फोटो आहे, बायकोच्या डोळ्यात खुपते."

ताई उठली, माझ्या हातातून झगा घेतला आणि खिडकीशी बसली. तो तिच्या समोरच स्टुलावर टेकला आणि सुरू झाला.

"दर वर्षी येतो हं मी! यायला कारणं काय एक आहेत? ती नदी, ते गिटारवाले, मनोऱ्यावरची घंटा, वाइनमध्ये शिजलेलं ते बकऱ्याचं मटण... आणखी काय लागतं माणसाला?"

"माणसं," मी म्हणाले.

"छे हो, त्या वेळचं आता कोण उरलंय इथे!"

मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते, पण ताईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिने टाके इतके बारीक घातले, की बोट फिरवूनही कळू नये. शेवटी दोरा दाताने तोडला. तरी त्या गाढवाला काही आठवेना.

"तुम्ही इथल्याच का?" त्याने तिला विचारलं. "बारा महिने इथे राहून कंटाळा नाही येत?"

"एकाची वाट बघत होते."

"अरे वा! मग, आला का तो?"

ताईने झग्याची नीट घडी केली आणि त्याच्या हातात ठेवली.

"नाही," ती म्हणाली.