बाईंचं वजन

पहिल्या वर्षी मिस्त्रींनी केलेल्या जेवणाला मांजरानंही तोंड लावलं नसतं. त्यांना तरी काय बोल लावायचा? आयुष्य गेलं पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात. घरात स्टोव्ह कुठल्या बाजूनं पेटतो हेही माहीत नव्हतं. पण बायकोच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायची वेळ आली, आणि तिला, म्हणजे बाईंना, तर फोडणीचा नुसता वास आला तरी उलटी व्हायची. तेव्हा मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला आणि झारा हातात घेतला.

करपवलं, सांडलं, बोटं भाजून घेतली. भाजी भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी मोरीत ओतून द्यायचं, हे दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा त्यांचा जीव कळवळला. पण त्या पाण्यात जे उतरतं ते पेशंटच्या हृदयाला धोक्याचं असतं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून ओतलं. मिठाऐवजी लिंबू आणि मिरी. अंड्याचं पांढरं रोज, मासे मिळतील तसे. हळूहळू हात बसला. बाई आधी चार घास खायच्या, मग अर्धी ताटली, आणि एके दिवशी म्हणाल्या, "आज कालच्यापेक्षा बरं झालंय." मिस्त्रींनी हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना आठवडाभर ऐकवलं.

बाई म्हणजे ड्रायव्हिंगच्या बाई. त्यांची एक गाडी होती, शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक बसवलेली. आसपासच्या निम्म्या बायका त्यांच्याकडेच गाडी शिकल्या आणि झाडून सगळ्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या. "अगं, क्लच आहे तो, सवतीचा पाय नाही, हळू सोड!" हे वाक्य तर शाळेतल्या कवितेसारखं सगळ्यांना पाठ होतं. आजारानंतरही बाईंनी शिकवणं सोडलं नाही. मशीनचे दिवस मशीनला, बाकीचे माझे, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. किडनी गेली की प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगातच साचतं. ते मशीन काढून घेतं. पण किती काढायचं? त्यासाठी प्रत्येक पेशंटचं एक कोरडं वजन ठरवलेलं असतं. जादा पाणी काढून टाकल्यावर माणूस जेवढा उरतो, तेवढं. डायलिसिसच्या सेंटरवर गेलं की आधी काट्यावर उभं राहायचं, कोरड्या वजनाच्या वर जे भरेल ते पाणी, आणि तेवढं मशीननं ओढायचं. बाकीचे पेशंट पाय सुजवून यायचे आणि सिस्टरच्या शिव्या खायचे. बाई मात्र घोट मोजून प्यायच्या. "बाईंकडे बघा जरा," असं सिस्टर सगळ्यांना म्हणायच्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर डबा घेऊन बसलेल्या मिस्त्रींची मान ताठ व्हायची.

मग या वर्षी कुठेतरी माशी शिंकली. बाईंचं वजन दर खेपेला थोडं जास्त भरायला लागलं. जास्त भरतंय म्हणून मशीन जास्त ओढायचं. शेवटच्या तासाला बाईंच्या पोटऱ्यांत असे गोळे यायचे की त्या ओठ आवळून पडून राहायच्या. रक्तदाब धाडकन खाली. घरी आल्या की अंथरूण, दुसऱ्या दिवशीही अंथरूण. शिकवण्या रद्द व्हायला लागल्या. मशीनचे दिवस तर गेलेच होते, आता बाईंचे स्वतःचे दिवसही हातातून चालले.

मिस्त्रींचं डोकं पंपवाल्याचं. टाकी भरतेय म्हणजे कुठूनतरी पाणी येतंय, याच्यापलीकडे त्यांची अक्कल जाईना. त्यांनी घरातल्या बाटल्या उचलून वर फळीवर ठेवल्या. बाई न्हाणीघरात गेल्या की दाराला कान लावून उभे. आणि बाईंना तहानही कसली लागायची! ओठ कोरडे पडायचे, जीभ टाळूला चिकटायची. तहान लागतेय म्हणजे पीत असणारच, असा साहेबांचा तर्क.

एक दिवस मोरीपाशी ओला पेला सापडला.

"हे काय?" मिस्त्रींनी पेला पुढे धरला.

"चूळ भरली."

"चूळ! मला काय दूधखुळा समजतेस? चोरून पितेस तू. तिकडे काटा खोटं बोलतो का?"

बाईंनी पेला त्यांच्या हातातून घेतला आणि पालथा घातला.  त्यानंतर जेवढ्या पाण्याची त्यांना मुभा होती, त्यातलंही अर्धं त्यांनी ठेवून द्यायला सुरुवात केली. मिस्त्रींना वाटलं, मात्रा लागू पडली. पुढच्या खेपेला त्यांनी सेंटरवर सिस्टरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "घरी पीत असते हो चोरून. तुम्ही जरा जोर लावून ओढा." सिस्टरनाही ते पटलं. घरचाच माणूस सांगतोय, न पटायला काय झालं?

शिलाईवाल्या ताईंची गाडीची परीक्षा तोंडावर आली होती. चाळिशी उलटलेल्या, स्टेअरिंग धरलं की देवाचा धावा करणाऱ्या या ताई बाईंच्या लाडक्या. त्यांच्यासाठी बाई मशीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच उठल्या, भिंत धरत जिना उतरल्या आणि गाडीत बसल्या. मिस्त्री नको नको म्हणत राहिले.

अर्ध्या तासात गाडी परत आली. ताई बाईंना हाताला धरून वर घेऊन आल्या.  वळणावर एक सायकलवाला आडवा आला होता. बाईंचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि काही दिसेना. ताईंनीच किंचाळत गाडी थांबवली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला, कुणाला काही लागलं नाही.

"ताईनं थांबवली," बाई खाटेवर बसत म्हणाल्या. "मी नाही. माझ्या पायाखाली ब्रेक असून मी नाही थांबवली."

"अगं, होतं असं."

"होत नाही असं! शिकवणाऱ्याच्या बाबतीत होऊन चालत नाही." त्यांचा आवाज फुटला. "गाडी विकून टाका. माझं झालं आता. अंग खंगत चाललंय माझं, मला कळतंय."

 एवढ्या वर्षांत बाईंनी मशीनला शिव्या दिल्या, डॉक्टरांना दिल्या, नवऱ्याला तर रोजच्या रोज. पण माझं झालं, असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

पुढच्या खेपेला मिस्त्रींनी सेंटरवर डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. चोरीचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. "रक्तदाब असा पडत असेल तर मी त्यांना गाडीत बसू देणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी मला त्यांना नीट बघू दे."

त्यांनी बाईंच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. घोट्यापाशी दाबलं, तिथेही नाही. पाठीला नळी लावून छाती ऐकली. मानेची शीर पाहिली. दंड चिमटीत धरला, मग गालाकडे पाहिलं, आणि त्यांनी सिस्टरना मागच्या वर्षीचं वजन विचारलं.

"बाई, तुम्ही पाणी चोरून पिता का?"

"एक थेंब नाही," बाई म्हणाल्या. "आणि याउप्पर कुणी विचारलं तर मी उठून जाईन."

"जेवता काय?"

"ते ह्यांना विचारा. मी काय, ताटात येईल ते खाते."

मिस्त्री ततपप करत सांगायला लागले. सकाळी अंड्याचं पांढरं. दुपारी मासा, नाहीतर कोंबडीचा तुकडा. भाजी उकळून, पाणी टाकून. मशीनच्या दिवशी डबा वेगळा, कारण तेव्हा तिला भूक जास्त लागते. सांगता सांगता त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. मीठ जास्त पडलं असेल. 

डॉक्टरीणबाई मात्र हसत होत्या. "मिस्त्री, अहो, यांच्या अंगात पाणी कुठंय? ही भरलीय बाई. हे मांस आहे, चांगलं धडधाकट मांस. दोन किलो तरी असेल. ते तुम्ही घातलंय अंगावर, आणि आम्ही सगळे मिळून जुन्या आकड्यावर अडून बसलो. नसलेलं पाणी ओढत राहिलो. मग गोळे येणार नाहीत तर काय होईल? तहान लागणार नाही तर काय? आमचंही चुकलं, आम्ही हात लावून बघायला हवं होतं."

मिस्त्रींनी हातातला डबा खाली ठेवला. "म्हणजे... ही खंगत नाहीये?"

"खंगत? कोरडं वजन वर न्यायला लागणार यांचं. या खोलीत असं फार कमी वेळा म्हणायला मिळतं मला."

पलीकडच्या मशीनवरच्या आजोबांनी मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली आणि "वा रे मिस्त्री!" म्हणून ओरडले. मिस्त्रींना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

परतताना टॅक्सीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेवटी म्हणाले, "मी तुला चोर म्हणालो."

"म्हणालात."

"पंपापलीकडे डोकं चाललं नाही माझं. चुकलंच."

"ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, सांगून ठेवते." बाईंनी डोकं मागे टेकलं. "अंडी मात्र चालू ठेवा."

डॉक्टरीणबाईंनी वजन एकदम नाही, दर खेपेला थोडं थोडं करून वर नेलं. गोळे यायचे थांबले. रक्तदाब जागेवर राहिला. बाई मशीनवरून उठून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर यायला लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या आधी जाग्या व्हायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बरेच दिवस पारखून मगच गाडीला हो म्हटलं.

त्या सकाळी शिलाईवाल्या ताई खाली वाट बघत होत्या. बाई चारचौघांसारख्या जिना उतरल्या. कठड्याला हात नाही की काही नाही. त्यांनी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून तो दाबून पाहिला, आरसा बघितला, आणि पहिल्याच मिनिटाला ताईंना क्लचवरून झापलं. मिस्त्री मागोमाग पायरीवर येऊन उभे राहिले. समोरून भाजीवाला गाडा ढकलत चालला होता.

"काय मिस्त्री, आज लई खूश?"

"वजन वाढलंय बायकोचं!" मिस्त्री ओरडून म्हणाले. "चांगलं दोन किलो!"

भाजीवाल्यानं गाडा थांबवला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मान काढून बघायला लागला. मिस्त्रींनी त्यालाही सांगितलं. समोरच्या खिडकीतल्या काकूंना सांगितलं. "मांस आहे हो, पाणी नाही! डॉक्टरांनी हात लावून बघितलंय! माझ्या हातचं खाऊन वाढलंय!"

पुढे निघालेली गाडी कचकन थांबली. बाईंनीच थांबवली, ताईंचे दोन्ही पाय अजून भलतीकडेच होते. खिडकीची काच खाली आली.

"अहो, लाज वाटते का काही? गावभर काय सांगत सुटलाय?"

"सांगणार!" मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "काय वाट्टेल ते म्हण, सगळ्यांना सांगणार!"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग काकूंकडे, मग भाजीवाल्याकडे. काच अर्धी वर गेली, आणि पुन्हा खाली आली.

"सांगायचंच तर नीट सांगा," त्या म्हणाल्या. "सव्वादोन आहे."